वाढ पुरी झाली म्हणजे काय?

‘हल्लीच्या मुली इतक्या लवकर वयात का येतात, यावर लिहा, आकडे नकोत,’ असा संपादकांचा निरोप आला. आकड्यांशिवाय वाढ कशी सांगायची, हे मात्र त्यांनी कळवले नाही.

धाराशिवला बालरोगतज्ज्ञ म्हणून बसल्यापासून मी दोनच कारणे ऐकतो आहे: इंजेक्शनचे दूध आणि ब्रॉयलर कोंबडी. पान्हा सुटावा म्हणून म्हशीला टोचतात ते ऑक्सिटोसिन पोटात गेले की पचून जाते. ब्रॉयलर झटपट वाढते ती निवडक पैदाशीने आणि खाद्याने. सांगून थकलो. खरे कारण साधे आहे. पोटाला मिळू लागले, जुलाब-गोवर कमी झाले, अंगावर चरबी धरली, की लेप्टिन नावाचे संप्रेरक मेंदूला तशी खबर देते आणि पाळी लवकर येते.

मग उंचीही वाढायला हवी होती. १८९६ ते १९९६ या शतकात जन्मलेल्या दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची सरासरी उंची २० सेंटिमीटरने वाढली, भारतीय स्त्रियांची जेमतेम ५ ने. ‘आमच्या खानदानातच उंची नाही,’ असे लोक म्हणतात.

बुटकेपणा खानदानाचा की उपासमारीचा, यासाठी एका जुन्या वादाकडे वळतो. अर्थतज्ज्ञ दांडेकर आणि रथ यांनी १९७१ मध्ये उष्मांकांवरून गरिबी मोजली. संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा आक्षेप असा, की शरीराची गरज ठरीव नसते, ते कमी अन्नाशीही जुळवून घेते. अर्थतज्ज्ञ डेव्हिड सेकलर १९८२ मध्ये त्याही पुढे गेले: कमी अन्नावर वाढलेली मुले लहान चणीची, पण निरोगी आहेत! पोषणतज्ज्ञ सी. गोपालन यांनी त्यावर कडाडून टीका केली. सुखात्म्यांच्या संख्याशास्त्रापुढे मी नम्र आहे, पण या वादात मी गोपालनांचा. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींचा १९९१ चा अभ्यास पाहा. पोटभर मिळताच त्या भराभर वाढल्या, म्हणजे खानदान आड आले नव्हते. पण त्यांना पाळी साडेअकराच्या सुमारासच आली. पाळीच्या काळात इस्ट्रोजेनमुळे हाडांच्या टोकांच्या वाढचकत्या मिटू लागतात, त्यामुळे त्या अखेर बुटक्याच राहिल्या. पहिल्या वर्षांची उपासमार नंतर पुरती भरून निघत नाही. जुळवून घेणे फुकटात होत नाही, ते असे.

दसऱ्यानंतर ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या सुमारास कळंबकडची एक सहावीतली मुलगी आली होती. पाळी सुरू झालेली, मनगटाच्या एक्स-रेत चकत्या मिटत आलेल्या. ‘आता फार वाढणार नाही,’ म्हणालो, तर आजीचा चेहरा खुलला. ‘मग पोरगी पुरी वाढली, असं कागदावर लिहून द्या की, साहेब.’ कागद लग्नासाठी हवा, हे विचारावे लागले नाही. मी कागदावर फक्त वय लिहिले आणि ग्रामसेवकाला कळवले. ते कुटुंब पुन्हा आले नाही. माझे शास्त्र त्यांना नको त्या कामाला उपयोगी पडले, ही टोचणी अजून आहे.

म्हणून स्पष्ट लिहितो. उंची थांबली तरी कटीची हाडे पुढे काही वर्षे रुंदावत असतात. कोवळ्या, बुटक्या आईचे मूल बहुधा कमी वजनाचे जन्मते आणि पुढची पिढी पुन्हा मागूनच सुरुवात करते. उंची वाढवायच्या पावडरी विचारायला आईबाप रांगेत उभे राहतात. नातवंडांची उंची वाढवायला मुलीचे लग्न लांबवा, या सल्ल्यासाठी रांग लागत नाही.