खोबरेल आणि हात
वसईच्या वाडीत वाढलेल्या आम्हांस खोबरेलाचे गुण कुणी सांगावयास नकोत. केसांतील प्रथिनांची झीज ते कमी करते, कोरड्या त्वचेतील ओलावा टिकविते, भेगाळलेल्या टाचा मऊ करते. पारा 24 अंशांखाली उतरला की ते गोठते. तळहाताच्या उबेने लगेच वितळते. मात्र त्यातील सुमारे 90 टक्के मेद संपृक्त असून तो रक्तातील अपायकारक कोलेस्टेरॉल वाढवितो. म्हणून हृदयविकार असलेल्यांनी ते औषध समजून चमच्याने पिऊ नये. आजाऱ्यांच्या भेटीस गेलो असता आम्हांस उणीव जाणवते ती तेलाची नव्हे, ते लावणाऱ्या हाताची. फडताळात बाटली भरलेली असते. अंथरुणास खिळलेल्या आजीचे पाय कोरडेच राहतात. वाचकहो, आज तिच्याजवळ दहा मिनिटे बसाल ना?