मेंढा-लेखा: एप्रिलची पानं

१४ एप्रिल
गडचिरोलीत निळे झेंडे आणि मिरवणुकीची तयारी. धानोऱ्याच्या रस्त्याने तीसेक किलोमीटर आल्यावर मेंढा. ऊन असं की बोलणंही नको वाटतं. आज फक्त पाणी पिणं आणि पाठ टेकणं.

१५ एप्रिल
पहाटे बायकांबरोबर मोहफुलं वेचायला गेले. बहर संपत आलाय. फुलं नीट दिसावीत म्हणून पुष्कळ ठिकाणी झाडाखालचा पाचोळा पेटवतात आणि तीच आग रानभर पसरते. माझ्यासोबतच्या आजीने मात्र फांदीनेच झाडून जागा मोकळी केली. “आपलंच जंगल, आपनच कसं जाळाव?” म्हणाली.

‘आपलं’ हे इथे कागदोपत्रीही खरं आहे. २००९ मध्ये सुमारे १,८१० हेक्टर जंगलावर ग्रामसभेला सामूहिक वनहक्काचा पट्टा मिळाला, देशातल्या अगदी पहिल्या पट्ट्यांपैकी एक. पण पट्टा हातात आला तरी बांबू काही विकता येईना. १९२७ च्या वन कायद्यात तेव्हा बांबू म्हणजे झाड होतं, २००६ च्या वनहक्क कायद्यात तोच गौण वनोपज. वाहतुकीचा परवाना वनखात्याच्या हातात, त्यामुळे तोडलेला बांबू गावातच पडून राहणार. अखेर एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवान्याचं पुस्तकच ग्रामसभेच्या हाती दिलं गेलं. हक्काच्या घोषणेपेक्षा हे पुस्तक मला मोठं वाटतं.

१६ एप्रिल
संध्याकाळी ग्रामसभेची बैठक. इथे बहुमत चालत नाही, सर्वांचं एकमत व्हावं लागतं. एकजण अडला की विषय पुढच्या बैठकीला. दोन तास गोंडीतून चर्चा झाली. मला फारसं कळलं नाही आणि कंटाळाही आला. शहरात आम्ही कुठलाही विषय हात वर करून पाच मिनिटांत उरकतो, मग वर्षभर भांडत बसतो.

१८ एप्रिल
आजची तारीख विनोबांची. १९५१ मध्ये याच दिवशी तेलंगणातल्या पोचमपल्लीत रामचंद्र रेड्डींनी त्यांना भूमिहीनांसाठी शंभर एकर जमीन दिली आणि भूदान सुरू झालं. पुढे त्यातून ग्रामदान निघालं. महाराष्ट्राने त्यासाठी १९६४ मध्ये कायदा केला, पण तो बहुतेक कपाटातच राहिला. मेंढ्याने २०१३ मध्ये त्याचा आधार घेतला. गावकऱ्यांनी आपापल्या शेतीची मालकी ग्रामसभेला दिली. विसावा हिस्सा भूमिहीनांसाठी काढायचा, उरलेली जमीन ज्याची तोच कसणार, वारसाला देणार. फक्त बाहेरच्याला विकता येणार नाही.

वर्ध्याकडे आमच्या नात्यातल्या शेतांचे प्लॉट पडले. पैसा आला, गाड्या आल्या, आता वाटण्यांवरून बोलणं बंद आहे. म्हणून ‘विकता येणार नाही’ हे मला बंधन वाटत नाही.

ग्रामदानाची हीच कल्पना समुद्रापार गेली होती. अमेरिकी शांतता कार्यकर्ते रॉबर्ट स्वान यांनी तिच्यापासून प्रेरणा घेतली आणि १९६९ मध्ये अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यात नागरी हक्क चळवळीतल्या चार्ल्स शेरॉड आदींच्या साथीने कृष्णवर्णीय शेतकऱ्यांसाठी ‘न्यू कम्युनिटीज’ उभी राहिली. सुमारे ५,७०० एकर जमीन, मालकी संस्थेची. अमेरिकेतल्या सामुदायिक भूमी न्यासांची सुरुवात इथूनच मानतात. पुढे दुष्काळ पडला, सरकारी कर्ज वेळेवर मिळालं नाही, आणि १९८५ मध्ये कर्जापायी सगळी जमीन गेली. विक्रीची वाट बंद केली होती, गहाणाची उघडी राहिली.

१९ एप्रिल
निघायच्या आधी एका तरुणाने गाठलं. बारावी झालेला, पंप घ्यायचाय. “जमीन माझ्या नावावर नाही, तं बँकेला तारण काय दाखवू?” त्याला जॉर्जियाची गोष्ट सांगितली. त्याने नीट ऐकून घेतली आणि म्हणाला, तिथल्या लोकांना तरी कर्ज मिळालं होतं.

आता तो हा प्रश्न बैठकीत मांडणार आहे. एखाद्याच्या कर्जाला गाव मिळून हमी देतं का, आणि दिलीच तर फेडायची पाळी कोणावर, हे आधी ठरावं लागेल. सर्वांचं एकमत व्हायला किती बैठका लागतील ते विचारलं, तर हसला. पंप खरिपाच्या आधी हवाय म्हणतो.