रानातले देव आणि आमचं शोकेस

मैत्रिणींनो, चंद्रपूरला आलेली पाहुणी महाकालीचं दर्शन घेते, जुना परकोट पाहते नि परत फिरते. जमलं तर तुम्ही पुढं जा. बल्लारपूर, आलापल्ली, भामरागड! १९८२ साली चंद्रपुरातून वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचं हे रान. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उंच साग, आणि चैत्रात पहाटे मोहफुलांचा वास.

इथले गोंड-माडिया देवाला 'पेन' म्हणतात. कुळाचा देव लाकडाचा, त्याचं नाव 'अंगा'. दोन बाजूंना दोन ओंडके, मध्ये कोरीव तोंडाचा तिसरा, आडव्या दांड्यांना घट्ट बांधलेले, वर मोरपिसं. जत्रेत हा देव माणसांच्या खांद्यावर बसून येतो आणि दुसऱ्या कुळांच्या देवांना भेटतो. गोंडांत सोयरीक ठरवताना विचारतात, "तुम्ही किती देवांचे?" चार, सहा की सात? दोन्हीकडे आकडा एकच निघाला तर ते भाऊबंद. लग्न होत नाही.

खोटं कशाला सांगू? परतताना एका शहरातल्या दुकानात देवीची जुनी लाकडी मूर्ती दिसली आणि मी मनात आमच्या शोकेसमधली जागाही ठरवून टाकली! "कुठली हो ही?" विचारलं, तर दुकानदाराला गावही सांगता येईना. तेव्हा सासूबाईंच्या महालक्ष्म्या आठवल्या. त्यांचे मुखवटे असे कुणाच्या दिवाणखान्यात दिसले तर? मी हात मागे घेतला.

पुढं वाचनात आलं, की चीनच्या हुनान प्रांतात देव्हाऱ्यातल्या लाकडी देवदेवतांच्या पाठीत पोकळी ठेवीत. तीत चिठ्ठी असे : मूर्ती कुणी, कधी, कशासाठी घडवून घेतली. बाजारात आलेल्या कित्येक मूर्तींच्या पोकळ्या मात्र रिकाम्या! आपल्याकडेही १९७२ चा कायदा आहे. शंभर वर्षांहून जुनी मूर्ती ही पुरावस्तू. परवान्याशिवाय तिचा व्यापार करता येत नाही.

तुमच्या घरी जुना लाकडी देव असेल, तर तो पाण्यानं धुऊ नका, वॉर्निश फासू नका. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, ओलीच्या भिंतीपासून दूर ठेवा. आणि सासूबाईंना विचारून एक चिठ्ठी लिहून ठेवा : कुणाचा, कुठून आला, कोणी पुजला. उद्या सून विचारील, तेव्हा आपल्याला त्या दुकानदारासारखं गप्प बसायला नको!