मापाचे गाव हिंगणघाट

नागपूरहून हैदराबादकडे जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्गावर वणा नदीच्या काठी हिंगणघाट लागते. बहुतेक वाहने न थांबता पुढे जातात. वर्धा जिल्ह्यातील या तालुक्याच्या गावाची ओळख बाहेरच्या माणसाला असलीच तर ती वर्तमानपत्रातील कापसाच्या भावाच्या कोष्टकातून. हिंगण नावाच्या काटेरी झाडांवरून आणि नदीच्या घाटावरून या गावाला नाव मिळाले, असे सांगतात. मात्र हे नाव दीडशे वर्षांपूर्वी इंग्लंडमधील लिव्हरपूलच्या बाजारात रोज उच्चारले जात होते, आणि भारतभूमी मोजावयास निघालेल्या एका वृद्ध संशोधकाची अखेरची विश्रांती याच मातीत आहे, हे गावातही फार थोड्यांना ठाऊक असते. बँकेच्या नोकरीत माझी काही वर्षे या गावात गेली. तेव्हा गोळा केलेली माहिती आपल्या वाचकांपुढे ठेवावी, असे बरेच दिवस मनात होते. त्यामागे एक कारणही आहे. ते शेवटी सांगतो.

त्या संशोधकाचे नाव विल्यम लॅम्बटन. श्रीरंगपट्टणच्या १७९९ च्या लढाईत ते इंग्रजी फौजेत होते. रात्रीच्या अंधारात एक तुकडी वाट चुकून थेट शत्रूच्या दिशेने निघाली असता आकाशातील ताऱ्यांवरून ही चूक प्रथम त्यांच्या ध्यानात आली, असे त्यांच्याविषयी सांगतात. पुढे १८०२ मध्ये मद्रासजवळ सेंट थॉमस माउंट येथे सुमारे साडेसात मैलांची एक सरळ पायारेषा त्यांनी मोजली. यासाठी शंभर फूट लांबीची पोलादी साखळी वापरली होती. उन्हाने पोलाद किंचित वाढते, म्हणून साखळीजवळ तापमापक ठेवून त्या वाढीचाही हिशेब धरला जाई. या पायारेषेवर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत संपूर्ण देशाचे माप घेण्याचे काम सुरू झाले. कोन मोजण्याचे यंत्र, म्हणजे थिओडोलाइट, सुमारे अर्धा टन वजनाचे होते. १८०८ मध्ये तंजावरला मंदिरावर चढवीत असताना दोर तुटून ते आदळले. लॅम्बटन यांनी कित्येक आठवडे तंबूत बसून ते स्वतःच्या हातांनी पूर्ववत केले.

१८१८ पासून हे काम ‘ग्रेट ट्रिगोनोमेट्रिकल सर्व्हे’ या नावाने ओळखले जाऊ लागले. वयाच्या सत्तरीच्या आसपास असलेले लॅम्बटन हैदराबादहून नागपूरकडे निघाले असता जानेवारी १८२३ मध्ये हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले आणि येथेच त्यांना पुरण्यात आले. त्यांचे काम त्यांचे सहायक जॉर्ज एव्हरेस्ट यांनी हिमालयाच्या पायथ्यापर्यंत नेले. कन्याकुमारीपासून सुमारे २,४०० किलोमीटर लांबीची ही मोजणी पृथ्वीचा नेमका आकार ठरविण्यास आधारभूत ठरली. याच सर्वेक्षणात राधानाथ सिकदार यांनी केलेल्या आकडेमोडीतून जगातील सर्वोच्च शिखराची उंची निघाली. १८५६ मध्ये ती २९,००२ फूट अशी जाहीर झाली. आजच्या साधनांनी मिळालेल्या उंचीशी ताडून पाहिली तर फरक अवघा तीस फुटांचा! १८६५ मध्ये शिखराला एव्हरेस्ट यांचे नाव मिळाले. ज्यांनी पायारेषा आखली ते मात्र कापसाच्या या गावी विसावले आहेत.

लॅम्बटन येथे आले ते योगायोगाने नव्हे. हैदराबाद व नागपूर यांना जोडणारी जुनी वाट हिंगणघाटवरून जात होती, आणि गावाच्या व्यापाराचे मूळही त्याच वाटेत होते. रेल्वे येण्यापूर्वी या भागातील कापूस बैलांच्या पाठीवर लादून तांडे शेकडो मैल चालत गंगेकाठच्या मिर्झापूरला नेत. तेथून तो नावांनी पूर्वेकडे जाई. वर्धा जिल्हा १८६२ मध्ये अस्तित्वात आला आणि पालकवाडीच्या जागी वर्धा शहर १८६६ मध्ये वसले; हिंगणघाट त्याआधीच नावाजलेली पेठ होती.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तेथील कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची दृष्टी हिंदुस्थानाकडे वळली. मध्य प्रांत व वऱ्हाडासाठी रिव्हेट-कार्नाक या अधिकाऱ्याला कापूस आयुक्त नेमण्यात आले. त्यांच्या अहवालांत हिंगणघाटच्या कापसाचा उल्लेख वारंवार येतो. १८६७ मध्ये रेल्वे वर्ध्यावरून नागपूरला पोहोचली. पुढील दशकात वर्ध्याहून हिंगणघाटमार्गे वरोऱ्याच्या कोळसाखाणींपर्यंत फाटा निघाला. जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली, त्यामागे कापूस व कोळसा यांची ही जवळीक होती. हिंगणघाटातही बन्सीलाल अबीरचंद व रेखचंद मोहता यांच्या घराण्यांनी कापडगिरण्या उभारल्या. १९२९ मध्ये बल्लारशाह व काझीपेठ यांमधील लोहमार्ग पुरा झाला, आणि कोळशासाठी काढलेला हा फाटा दिल्ली व मद्रास यांना जोडणाऱ्या मुख्य मार्गाचा भाग बनला.

हिंगणघाटचे नाव ज्या कापसामुळे झाले, त्या वाणाला बणी म्हणत. त्याचा धागा देशी कापसात लांब व तलम असे. मात्र त्यात रुईचा उतारा कमी आणि सरकी जास्त. त्याच्या शेजारी जरी नावाचा आखूड, भरड धाग्याचा पण भरपूर उतारा देणारा कापूस पसरू लागला. चांगल्या धाग्याला वेगळा भाव मिळेना, तेव्हा शेतकऱ्याने जास्त उताऱ्याचा वाण निवडला. त्याला दोष देता येणार नाही. तोही हिशेबच करीत होता. दुसरीकडे कापसात पाणी मारणे, सरकी व माती मिसळणे असे प्रकार इतके बोकाळले होते की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातील भेसळीविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. बाजारात मिळविलेले नाव एका हंगामात जात नाही, ते हळूहळू झिजते. बणी कापूस असाच मागे पडला.

मी नोकरीवर असताना कापसाच्या हंगामात गोदामांची तपासणी हे नित्याचे काम असे. गाठी मोजावयाच्या, बँकेने कळविलेल्या नोंदीशी ताळा पाहावयाचा आणि किल्ली ताब्यात घ्यावयाची. तेथे एक वयोवृद्ध अडते होते. बंडीतील कापसात कोपरापर्यंत हात घालून ते तळचा कापूस वर काढीत, दोन बोटांत धागा ओढून पाहत आणि त्याची लांबी सांगत. पुढे प्रयोगशाळेचा कागद येई, त्यातील आकडा त्यांच्या सांगण्याच्या जवळच असे. ओल्या मालाला ते स्वतः शेतकऱ्यासमोर ओला म्हणत आणि कोरड्या मालाचा भाव पाडू देत नसत. कर्जाच्या अर्जात तारणासाठी रकाना होता. त्यांच्या शब्दासाठी नव्हता. तरीही शाखेतील प्रत्येक अधिकारी त्या शब्दाची किंमत मनात धरूनच शिफारस लिहीत असे.

आता लेखामागील कारण सांगतो. लॅम्बटन यांचे नाव आज आपल्याला कळते, कारण त्यांच्या मोजणीचे कागद जपले गेले. हिंगणघाटच्या कापसाचे सरकारी अहवालही ग्रंथालयांत आहेत. ज्यांनी प्रत्यक्ष तो कापूस घेतला, तोलला, हुंडीवर पाठविला, त्या पेढ्यांचा इतिहास मात्र केवळ त्यांच्या वह्यांत आहे. काही काळापूर्वी माझ्या परिचयाच्या एका कुटुंबाने जुना वाडा विकला. माळ्यावरील लाल कापडी बांधणीच्या वह्या रद्दीवाल्याने किलोच्या भावाने नेल्या. त्यांत खंडी, मण, शेर यांची मापे होती, गावोगावच्या शेतकऱ्यांची नावे होती, दुष्काळी सालात कोणाचे देणे माफ झाले याच्या नोंदी होत्या. लिपी मोडी की मुडिया, हेही घरातील तरुणांना सांगता आले नाही. ती मुले हुशार आहेत, पुण्या-बंगळुरात उत्तम नोकऱ्या करतात. त्यांना हे कोणी दाखविले नव्हते, एवढेच.

म्हणून वाचकांना एक विनंती. दिवाळीत आपण वहीपूजन करतो. त्या निमित्ताने या वर्षी जुन्या वह्याही खाली काढाव्यात. प्रत्येक वहीवर चिठ्ठी लावून साल, गाव व लिपी लिहावी. दिवाळीच्या मुहूर्तावर उघडलेल्या वहीवर विक्रम संवत असेल, तर त्यातून ५७ वजा केले की इसवी सन मिळतो. ओल व वाळवीपासून दूर, कोरड्या जागी त्या ठेवाव्यात आणि निदान पहिल्या काही पानांची छायाचित्रे घरातील तरुणांकडून काढून घ्यावीत. घरी जागा नसेल, तर एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाला किंवा इतिहास मंडळाला विचारावे. लिपी वाचणारे वडीलधारे हयात आहेत तोवर हे काम सोपे आहे. आणखी दहा वर्षांनी तसे ते राहणार नाही.