चौघांचा डाव

बोदवडहून भुसावळला सकाळच्या पॅसेंजरने जाणाऱ्या चौघांचा एक टॉवेल होता. समोरासमोरच्या बाकांवर दोघे-दोघे बसत, टॉवेल चौघांच्या गुडघ्यांवर ताणला जाई आणि त्यावर मेंढीकोटचा डाव पडे. आप्पा त्या चौघांतले एक. रेल्वेच्या कचेरीत कारकून होते, तीस वर्षं अपडाऊन केलं. मी सातवी-आठवीत असताना दाताच्या डॉक्टरकडे जायला त्यांच्याबरोबर निघाले होते, तेव्हा खिडकीशी बसून तो डाव पहिल्यांदा पाहिला. बंद हुकूम होता. एकाने पान पालथं टाकून ठेवलेलं, ते इस्पिकचं की बदामचं हे फक्त त्यालाच ठाऊक. आप्पा चार हात झाल्यावरच म्हणाले, "किलवर हाय." उघडलं तर किलवरच. मी घरी येऊन आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्याईले कोणी काय टाकलं ते सगळं ध्यानात राह्यतं. बाजारातून काय आणायचं ते सोडून."

मी आईकडून बदाम सात, झब्बू, पाच-तीन-दोन शिकले. त्या टॉवेलावर मला कधी जागा मिळाली नाही आणि तेव्हा ती मागायची असते हेही सुचलं नाही.

मग एकेक जण निवृत्त झाला. एक मुलाकडे नाशिकला गेले, एक वारले, एक वरणगावात आहेत. आई गेल्यावर आप्पांनी पत्त्यांचा कॅट कपाटात ठेवला तो तिथेच राहिला. तिघांत खेळायचे खेळ आहेत, दोघांत रमी आहे. मी शाळेत शिकवून आल्यावर म्हणायची, "आप्पा, मांडू या का?" ते म्हणायचे, "मेंढीकोट चौघांचाच. बाकी नुसता टाइमपास."

२०२५ च्या दिवाळीत भाचा पुण्याहून आला तो एक खोका घेऊन. कॉलेजात असल्यापासून तो 'मॅजिक: द गॅदरिंग' हा पत्त्यांचा खेळ खेळतो. रिचर्ड गारफिल्ड या अमेरिकन गणितज्ञाने तो तयार केला, १९९३ साली बाजारात आला, आणि तेव्हापासून दरवर्षी नवे संच निघतात. प्रत्येक संचात शेकडो नवी पानं आणि दोन-चार नवे नियम. पानं बंद पाकिटात मिळतात, आत काय निघेल ते फोडेपर्यंत कळत नाही. या संग्रहाच्या बाजूबद्दल माझं मत चांगलं नव्हतं, अजूनही फारसं नाही. आमच्या लहानपणी बबलगमबरोबर क्रिकेटपटूंची कार्डं निघायची. ज्याचा बाप रोज पैसे द्यायचा त्याच्याकडे सगळा संघ जमायचा, बाकीचे बघत बसायचे. तेच मी भाच्याला बोलून दाखवलं.

"आत्या, म्हणून तर ड्राफ्ट," तो म्हणाला. "घरून काहीच आणायचं नाही. प्रत्येकाला तीन बंद पाकिटं. फोडायचं, एक पान ठेवायचं, बाकीची डावीकडच्याला द्यायची. उजवीकडून येतील त्यातलं पुन्हा एक ठेवायचं. असं पाकीट संपेपर्यंत. दुसरं पाकीट उलट दिशेने, तिसरं पुन्हा डावीकडे. जमलेल्या पानांतून चाळीस पानांचा कॅट बांधायचा आणि मग खेळायचं. सगळ्यांना सारखंच."

आप्पा झोपाळ्यावर होते. "किती जण लागतात?"

"आठ."

"बोदवडात आठ जण मिळाले असते तर मी इथं झोका घेत बसलो असतो का?"

भाचा हसला, कारण पुढचं वाक्य त्याने पुण्यापासून जपून आणलं होतं. आता चौघांतही होतं. त्याच सप्टेंबरात आलेल्या स्पायडर-मॅनच्या संचाबरोबर कंपनीने एक नवी पद्धत अधिकृत केली: चार खेळाडू, आणि दर वेळी एकाऐवजी दोन पानं उचलायची. 'पिक-टू'. त्याने आणलेली पाकिटं मात्र फेब्रुवारीतल्या 'एथरड्रिफ्ट' या संचाची होती. बारा पाकिटं, चौघांना तीन-तीन.

तिघे झालो. चौथी शेजारची मुलगी, माझ्याच शाळेत दहावीला आहे; फराळाचं ताट द्यायला आली होती, तिला बसवून घेतलं.

इथे एक हिशेब सांगायलाच हवा, कारण आप्पा त्यावरच या खेळात शिरले. पाकिटात १४ पानं. आठ जण एकेक पान घेतात तेव्हा पाकीट फिरून पहिल्याकडे परत येतं, तोवर आठ गेलेली आणि सहा उरलेली असतात. चौघांनी एकेकच घेतलं असतं तर पाकीट दहा पानं घेऊन परत आलं असतं, मग सहा, मग दोन. एकच पाकीट सारखं तोंडासमोर, लपलेलं काही नाही. पण चौघांनी दोन-दोन घेतली की फेरीत पुन्हा आठच जातात आणि सहाच परत येतात. आठांच्या खेळाची गोम चौघांत तशीच राहते. भाच्याने हे सांगायला कागद काढला, तोवर आप्पांनी बोटांवर करून टाकलं होतं. झोपाळ्यावरून उतरून ते सतरंजीवर आले.

पानं इंग्रजीत, त्यामुळे पहिला तास वाचण्यातच गेला. या संचाची गोष्ट आहे एका शर्यतीची, तीन जगांतून धावणारी. त्यातलं एक जग भारतावरून रचलेलं आहे. २०१६ मध्ये त्यावर पूर्ण संच निघाला तेव्हा त्याचं नाव होतं 'कलादेश'. रोमन अक्षरांत लिहिलं की ते 'कलादेश' वाचायचं की 'काला देश', हे कळायला मार्ग नाही. या संचात त्याचं नाव बदलून 'आविष्कार' केलं आहे. गोष्टीपुरतं सांगायचं तर तिथे क्रांती झाली आणि लोकांनी देशाला नवं नाव दिलं. चंद्रा नावाची अग्नीची जादूगार मूळची तिथली, तिची आई पिया, बाप किरण. आमच्या विद्यार्थिनीने रोमन अक्षरं जुळवत 'आविष्कार' मोठ्याने वाचलं आणि माझ्याकडे पाहिलं, "मॅडम, हे तर आपलंच नाव!" आमच्या विज्ञान प्रदर्शनाच्या फलकावर दरवर्षी हाच शब्द असतो.

दोन पानं घ्यायची याने मनात काय होतं, ते खेळल्याशिवाय कळलं नसतं. भाच्याचं म्हणणं, एक-एकच्या ड्राफ्टमध्ये खरा जीव कासावीस होतो: दोन पानं सारखीच हवीशी, एक सोडावं लागतं. इथे दोन्ही मिळतात, मग कसोटी कुठली? पहिल्या फेरीला मलाही तसंच वाटलं. दुसऱ्या पाकिटापासून लक्षात आलं की कासावीस होणं तिसऱ्या पानापाशी जाऊन बसलंय. शिवाय दोन पानं हातात आली की वाट लवकर ठरते, मागे फिरायला वाव कमी. पण एक मोकळीकही आहे, जी मला फार आवडली. तिसऱ्या पाकिटात शेजारच्या मुलीला 'सीता वर्मा' निघाली, मुखवटा घालून शर्यतीत उतरणारी. ते पान हिरव्या-निळ्या रंगाचं, आणि हिचा सगळा कॅट लाल-काळा. उपयोग शून्य. तिने एक पान डावासाठी घेतलं आणि दुसरी सीता. "ही सोडवत नाही मॅडम." एकच उचलायचं असतं तर तिला सीता सोडावी लागली असती.

आप्पा या सगळ्या वेळात गप्प होते. त्यांचं पहिलं पाकीट सहा पानं घेऊन परत आलं तेव्हा त्यांनी ती सतरंजीवर ओळीत मांडली आणि डोळे मिटले. मला पॅसेंजरची खिडकी आठवली. दोन त्यांनी घेतलेली, सहा आम्ही तिघांनी. "लाल होती चार, एकबी परत नाही आलं," ते म्हणाले. "हिरवी तिन्ही जशीच्या तशी आली. म्हणजे तुम्ही सगळे लालमागे. मले हिरव्यात कोणी आडवं येणार नाही." त्यानंतर त्यांनी हिरवं सोडलं नाही. भाचा मान खाली घालून हसत राहिला. पुण्यातल्या टेबलावर परत आलेलं पाकीट वाचायला शिकायला त्याला दोन वर्षं लागली, असं त्याने रात्री मला सांगितलं.

कॅट बांधताना मात्र आप्पा अडले. या खेळात पाच प्रकारच्या जमिनी असतात: मैदान, बेट, दलदल, डोंगर, जंगल. एका वळणाला एकच जमीन मांडायची आणि तिच्यातून जे बळ येईल त्यावर बाकीची पानं खेळायची. चाळीसात साधारण सतरा जमिनी ठेवतात. आप्पांना ते पटेना. चांगली पानं काढून नुसती जमीन कशाला भरायची? त्यांनी चौदाच ठेवल्या. माझ्याशी पहिला डाव खेळताना दोन जमिनींवर अडकले. हातात मोठमोठी जनावरं, मांडायला बळ नाही. मी जिंकले, पण त्यात मजा नव्हती. त्यांनी मुकाट्याने कॅट उचकटला, तीन जंगलं घातली आणि म्हणाले, "आधी वावर, मग पीक. हे मले समजायले पाहिजे होतं."

हात वाईट आला तर तो परत देऊन नवा घेता येतो, या नियमावर त्यांचा आक्षेप शेवटपर्यंत राहिला. पूर्वी परत दिला की एक पान कमी उचलावं लागे. २०१९ पासून पुन्हा सातच उचलायची आणि त्यातलं नको ते एक कॅटच्या तळाशी सरकवायचं. भाच्याच्या मते हा अलीकडचा सगळ्यात चांगला बदल, कारण नशिबाने आधीच हरलेले डाव कमी झाले. आप्पा म्हणाले, "आलेल्या पानावर खेळायचं असतं." त्यांनी एकदाही हात परत दिला नाही. मी दोनदा दिला, आणि माझं मत भाच्याच्या बाजूने आहे.

गाड्यांचा नियम त्यांना सांगावाच लागला नाही. या संचात वाहनांची पानं पुष्कळ. वाहन मांडलं तरी ते नुसतं उभं असतं. आपल्याकडचे प्राणी किंवा माणसं त्याला लावली, त्यांचं मिळून पुरेसं बळ झालं, तरच ते त्या वळणापुरतं धावतं. "बैल जुंपल्याशिवाय गाडी चालन का?" एवढंच म्हणाले.

वेगाचा नियम नवा, याच संचातला. काही पानं मांडली की आपला वेग एक होतो. मग आपल्या वळणात समोरच्याचं आयुष्य कमी झालं तर वेग एकाने वाढतो, पण एका वळणात एकदाच. तीनदा मारलं तरी एकच पायरी. चारवर गेला की त्या पानांवरचा बंद पडलेला मजकूर जागा होतो. एकदा चढलेला वेग उतरत नाही. बंद हुकुमासारखंच हे: पान समोर आहे, त्याचं खरं बळ अजून उघडलेलं नाही.

भाऊबीजेच्या आदल्या रात्री आप्पा आणि भाचा शेवटच्या डावाला बसले. वीस आयुष्यावर सुरुवात, आप्पांचं सहावर आलेलं, भाच्याचा वेग तीन. अजून एक फटका लागला की चार. त्याच्यासमोर एक पान होतं, वेग चार झाला की दर वळणाला आप्पांना संपवत नेणारं. आप्पांनी तिथून पुढे हल्ला थांबवला. भाच्याकडून जे काही येईल त्यासमोर आपलं एकेक जनावर उभं करायचं, मेलं तरी चालेल, पण आयुष्याचा एक आकडा उतरू द्यायचा नाही. चार वळणं असं चाललं. त्यांचं आयुष्य सहावर, त्याचा वेग तीनवर. त्यांच्याकडे एका पानावर असं बळ होतं जे सबंध डावात एकदाच वापरता येतं. तेही या संचातलंच नवं. मी मागे बसले होते, मला दिसत होतं, आणि दोनदा मी ओठ चावला. ते वापरत नव्हते. भाच्याने चिडून सगळी माणसं गाडीला जुंपली आणि आडवायला मागे कोणी ठेवलं नाही, तेव्हा पुढच्या वळणाला आप्पांनी ते वापरलं.

डाव संपल्यावर भाच्याने वाकून नमस्कार केला. आप्पा त्याला म्हणाले, "तू चांगला खेळला. पण जुंपलेला बैल राखणीले नसतो, हे इसरला."

भाचा गाडीत बसताना पानं इथेच ठेवून गेला. बारा पाकिटांची १६८. मला वाटलं, आता ती कपाटात त्या जुन्या कॅटशेजारी जातील. दोन दिवसांनी शाळेतून आले तर आप्पांनी ओसरीवर चवडी मांडल्या होत्या. पानाच्या मधल्या छोट्या खुणेचा रंग पाहून त्यांनी वर्गवारी लावली होती: काळी खूण सर्वसाधारण, चंदेरी त्याहून कमी सापडणारी, सोनेरी दुर्मीळ, नारिंगी त्याहूनही. प्रत्येक चवडीत चौदा पानं, आणि सोनेरी किंवा नारिंगी निदान एक आलीच पाहिजे असा त्यांचा कटाक्ष. मग जुन्या वर्तमानपत्राच्या बारा पुड्या बांधल्या, किराणा दुकानात बांधतात तशा, वरून दोरा. पुड्या बांधून झाल्यावर त्या टोपलीत घालून मला हलवायला दिल्या, कोणती कुठली हे त्यांना स्वतःलाही कळू नये म्हणून. सीता वर्मा मात्र त्या मुलीकडेच आहे. तिच्या जागी आप्पांनी कोरं पुठ्ठ्याचं पान कापून त्यावर पेनने 'सीता' लिहिलंय.

राहिला चौथा. त्या रात्री आप्पांनी माझ्याकडून फोन लावून घेतला, वरणगावला. पलीकडून काकांचा आवाज मलाही ऐकू येत होता, आता थोडा मोठ्याने बोलतात. आप्पा त्यांना सांगत होते, "अरे मेंढीकोट नाही, पण चौघांचंच हाय. दोन-दोन पानं उचलायचे." मग बराच वेळ ऐकत राहिले. "हो, इंग्रजीत हाय. माझी पोरगी वाचून दाखवते."

काका रविवारी सकाळच्या गाडीने येणार आहेत. आप्पांनी टॉवेल धुवायला टाकला आहे. सतरंजी असताना टॉवेल कशाला, हे मी विचारलं नाही.