पोळ्याच्या आधी

मामांचं नाव लिहायचं नाही, असं त्यांनीच बजावलं आहे. म्हणून नुसतं मामा लिहिते. आमच्या हायस्कुलाचे ते शिपाई.

पाटोद्याच्या बाजूला, बालाघाटाच्या डोंगरात आमचं गाव. दसरा-दिवाळी झाली की ते निम्मं रिकामं व्हायचं. आईवडील मुकादमाच्या टोळीबरोबर कधी सांगलीकडं, कधी साताऱ्याकडं ऊस तोडायला जायचे आणि सातवीपर्यंत मीही जायचे. पहाटे चारला ते फडात शिरले की धाकट्या भावाला सांभाळायचं, तो झोपला की मोळ्या बांधायच्या. शाळेत अपूर्णांक दरसाल मार्गशीर्ष-पौषात शिकवले जायचे, आणि मार्गशीर्षात मी फडात. त्यामुळे एक छेद दोन आणि एक छेद तीन मिळून दोन छेद पाच होतात, हे माझं मत बरीच वर्षं पक्कं होतं.

आठवीला आजीजवळ राहिले. हंगामी वसतिगृहाच्या यादीत माझं नाव होतं. त्याला वसतिगृह म्हणत, पण वेगळी इमारत नव्हती. आम्ही मुलं आपापल्या आजीकडं झोपायचो आणि जेवण शाळेत मिळायचं. शिक्षण हक्क कायदा लागू झाला ते हे साल, 2010. नववीत गेले आणि सगळं एकदम आटलं. कायदा चौदा वर्षांपर्यंत, खिचडी आठवीपर्यंत, वसतिगृहाची यादी आठवीपर्यंत, नापास न करण्याची सवलतही आठवीपर्यंत. ज्या वयात घरचे 'पोरगी आता कामाला आली' म्हणायला लागतात, नेमक्या त्याच वयात. हे आज कळतं. तेव्हा मला एवढंच वाटायचं, की आपलं डोकंच कमी.

पहिल्या घटक चाचणीचे मार्क कळल्यावर मी शाळेत जाणं बंद केलं. मामा सायकलवर घरी आले. सर आले असते तर मी मागच्या दारानं पळाले असते. मामांनी 'शिक' म्हटलं नाही, की आईबापाच्या कष्टांची आठवण दिली नाही. म्हणाले, "माझा गुडघा धरलाय. उद्यापासनं सकाळची घंटा तू द्यायची." गुडघा ठणठणीत होता, हे त्यांना परत सायकलवर टांग टाकताना पाहूनच कळलं. पण घंटा माझ्याकडं आली ती राहिलीच. पुढं पुस्तकांच्या कपाटाची किल्लीही आली. ताप असला तरी घंटा द्यायला जायचे, आणि एकदा गेले की दिवसभर थांबायचे. गणिताच्या सरांनी पाचवीचं पुस्तक काढून मला अपूर्णांक पहिल्यापासून शिकवले, तेही मामाच त्यांच्या मागं लागले म्हणून.

दहावीला 2012 साल उजाडलं. मराठवाड्यात पाऊस फारसा आलाच नाही, आणि दिवाळीच्या तोंडावर मला स्थळ आलं. मुलगा ऊसतोडीतलाच. नवराबायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देतो ती या जोडीवर. लग्न लागलं की एक नवा कोयता तयार. तरी माझे वडील पैशासाठी पोर विकणारे नव्हते. त्यांचा प्रश्न वेगळा होता: वयात आलेली मुलगी म्हाताऱ्या आईच्या भरवशावर पाच-सहा महिने ठेवायची, आणि काही बरंवाईट झालं तर? अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं गुन्हा आहे, हे मामांना चांगलं ठाऊक होतं. पण त्यांनी कायद्याचं नाव काढलं नाही. विचारलं, "दिवसा ती शाळेत हाय. काळजी रात्रीचीच ना? मग रात्री माझी मालकीण येईल."

आणि मामी आल्या. दिवाळीपासून परीक्षा संपेपर्यंत रोज रात्री, घरचं सगळं आवरून, काखेत वळकटी घेऊन. दुष्काळाचं वर्ष, दिवसा टँकरपाशी हंड्यांच्या रांगेत त्यांचा अर्धा जीव जायचा. आमच्याकडं येऊन आजीशी चार गोष्टी बोलत त्या आडव्या व्हायच्या आणि लगेच घोरायला लागायच्या. त्या घोरण्यानं माझा अभ्यास होत नाही, अशी तक्रार मी आजीकडं केली होती.

बोर्डाच्या फॉर्मवर पालक म्हणून आजीचा अंगठा उठला. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या गावी. मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेतून एसटीचा पास फुकट होता, पण पास असला म्हणून गाडी वेळेवर येतेच असं नाही. गणिताच्या पेपराला मामांच्या सायकलवर मागं बसून गेले. काठावर पास झाले.

पुढच्या शिक्षणाचं विशेष सांगण्यासारखं काही नाही. आमच्याच पट्ट्यातल्या एका हायस्कुलात शिक्षिका म्हणून लागले आणि सुरुवातीला मुलांना भाषणं देत सुटले. बघा, मीही ऊसतोडीच्या घरातली, मीही मोळ्या बांधल्या, जिद्द असली की सगळं होतं. मुलं टाळ्या वाजवायची आणि दिवाळीनंतर बाकं रिकामी व्हायची. मी सांगायचे त्या गोष्टीत मी होते, माझी जिद्द होती; मामी कुठंच नव्हत्या.

नववीतला एक हुशार मुलगा असाच गेला, तेव्हा मामांकडं गेले. ते निवृत्त झाले होते. त्याला मी कसकसं समजावलं ते सांगत बसले. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बापाला कवा भेटलीस?"

"दसऱ्याच्या आधी."

"तवर उचल घेऊन खर्चूनबी झाली आसंल. पोराचा अर्धा कोयता धरूनच मुकादमानं पैसे दिल्यात. आता पोराला मागं ठेवायचं म्हंजी ते पैसे फेडायचं, ते कुठनं? पोळ्याच्या आधी जावं लागतंय, पोरी. हातात पैसा पडायच्या आधी."

बी.एड.ला बालमानसशास्त्राचा पेपर होता. त्यात हे नव्हतं. आमच्या वडिलांकडंही मामा दर पावसाळ्यात येऊन जायचे. मी समजत होते, गप्पा मारायला येतात.

त्या मुलाकडून पुढच्या वर्षी सतरा नंबरचा, म्हणजे दहावीला बाहेरून बसायचा, फॉर्म भरून घेतला. दिवसा ऊस तोडून रात्री कोपीवर, म्हणजे टोळीच्या झोपडीत, तो मोबाइलवर जुन्या प्रश्नपत्रिका सोडवायचा. मार्चला येऊन पेपर दिले, इंग्रजीत राहिला, जुलैला तो विषयही सुटला. दिवसातून एकदा त्याला फोन करायचा, एवढंच माझं काम होतं. विचारायचे तेही अभ्यासाचं नाही. आज कुणाचा फड होता, गाडी किती वाजता भरली, एवढंच. फोन केला नाही तर दुसऱ्या दिवशी तोच करायचा.

आता आषाढ सरायच्या आत मी घरोघर जाते. ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावानं सरकारी वसतिगृहं निघाली आहेत, मोठ्या मुलांनाही तिथं जागा मिळते. जिथं शक्य आहे तिथं अर्ज भरून देते. उरलेल्या मुलींच्या घरी मार्कांचा विषय मी काढतच नाही. रात्री सोबतीला कोण, हे आधी विचारते. कुठं चुलती तयार होते, कुठं शेजारीण. कुठं कुणीच मिळत नाही, आणि ती मुलगी टोळीबरोबर जाते किंवा तिचं लग्न होतं. असं दरवर्षी घडतं.

यंदा मामींच्याच गल्लीतल्या एका मुलीसाठी माणूस मिळेना. ओळखीत कुणी आहे का, असं मामींना विचारायला गेले. आता त्यांनाच दोन पायऱ्या चढवत नाहीत, म्हणून त्यांचं नाव माझ्या मनातही नव्हतं. त्यांनी विचारलं, "घर कसं हाय? पायऱ्या हायत्या का?"

"नाहीत."

"मग दुसरं कुणी कशाला हुडकतीस? मी जाते. फकस्त मी घोरते, तेवढं त्या पोरीला आधीच सांगून ठेव."