गच्ची बायकांची, शिडी मात्र पुरुषांची!

म्हैसूरच्या देवराज मोहल्ल्यात सयाजीराव रोड सोडून आत वळलं, की जुन्या घरांच्या गच्च्या दिसू लागतात. पाण्याची टाकी, वाळत घातलेले कपडे आणि कोपऱ्यात सोलर बंब. अशाच एका मराठी घराच्या गच्चीवर आजी गेली चाळीस वर्षं पापड-कुरडया वाळवत आल्या आहेत. कपड्यांच्या दोऱ्या सूनबाईंच्या ताब्यात. घरातले पुरुष वर जातात ते फार तर दिवाळीत, आकाशकंदील टांगायला.

नातीने आयटीआयमधून इलेक्ट्रिशियनचा कोर्स पुरा केला आणि आता सौरऊर्जेचं प्रशिक्षण घ्यायचं म्हणाली, तेव्हा आधी आजीच उखडल्या.

"अगं, मुलीच्या जातीनं गच्चीवर चढून तारा जोडायच्या?"

"आजी, गच्चीवर तर तू रोजच चढतेस की!"

आजी निरुत्तर झाल्या, पण गप्प बसल्या नाहीत. खरी अडचण उंचीची नव्हतीच. प्रशिक्षण तीन महिन्यांचं, तेही परगावी राहून. आईला काळजी वसतिगृहाची, वडिलांना नोकरीची आणि आजींना, उघडच आहे, स्थळांची!

वडिलांची शंका अगदीच अनाठायी म्हणता येणार नाही. २०१९ साली सीईईडब्ल्यू ही दिल्लीची संशोधन संस्था आणि आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्था यांनी भारतात छतांवर सौर यंत्रणा बसवणाऱ्या कंपन्यांची पाहणी केली. कर्मचाऱ्यांत स्त्रिया जेमतेम ११ टक्के निघाल्या. त्याही बहुतेक कार्यालयात किंवा आराखड्याच्या कामावर. उभारणीत ३ टक्के आणि देखभाल-दुरुस्तीत अवघा १ टक्का. गंमत अशी, की भर दुपारी पॅनेल दुरुस्त करणारा आला तर दार उघडते ती गृहिणीच. अनोळखी माणसाला वर न्यायचं, की नवरा घरी येईपर्यंत त्याला ताटकळत ठेवायचं, हा पेचही तिचाच. त्याजागी शिडी घेऊन एखादी मुलगी आली तर?

काम मात्र शिकूनच करायचं. घरातली वीज बटण दाबून बंद करता येते. पॅनेलचं तसं नाही. ऊन आहे तोवर ते वीज तयार करतच राहतं. कुठली तार केव्हा सोडवायची, कमरेचा पट्टा कुठे अडकवायचा, तापलेल्या काचेवर गार पाणी का ओतायचं नाही, हे हाताखाली काम केल्याशिवाय अंगी मुरत नाही. सरकारने २०१५ साली सुरू केलेल्या 'सूर्यमित्र' प्रशिक्षणात यासाठी ६०० तास ठेवले होते. शिक्षण, राहणं, जेवण सगळं फुकट. अट मात्र दहावी आणि आयटीआयची. इलेक्ट्रिशियनच्या वर्गात मुळात मुलीच बोटावर मोजण्याइतक्या. मग दारात रांग लागणार कुणाची?

अशा अटीवाचून अडत नाही, हे राजस्थानातल्या तिलोनियाच्या बेअरफूट कॉलेजने केव्हाच दाखवलं आहे. तिथे निरक्षर आज्यासुद्धा रंगांच्या खुणांवरून सहा महिन्यांत सौरदिव्यांची जोडणी शिकल्या. आपल्याकडे लातूर-धाराशिव भागात, १९९३ च्या भूकंपानंतर घरबांधणीच्या कामात पुढे आलेल्या बायकांतून 'स्वयं शिक्षण प्रयोग' ही संस्था वाढली. तिच्या सख्यांनी पुढे गावोगाव सौरदिवे आणि सुधारित चुली विकल्या. चुलीची अडचण बाई बाईलाच मोकळेपणी सांगते, हे त्यांच्या धंद्याचं साधं गणित.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने एक कोटी घरांच्या छपरांवर पॅनेल बसवण्याची योजना जाहीर केली. तेवढ्या छपरांवर चढणारे हात कुठून तरी यायलाच हवेत.

मोहल्ल्यातल्या घरात शेवटी वाटाघाटी झाल्या. वसतिगृह आई स्वतः जाऊन पाहणार. कामाच्या जागी बायकांसाठी स्वच्छतागृह असतं का, हेही विचारून येणार. पगाराची चौकशी वडिलांकडे. आजींनी स्थळांचा विषय तूर्त बाजूला ठेवला, पण आपली अट घातलीच.

"पहिलं पॅनेल आपल्याच गच्चीवर बसव हो. फक्त माझ्या कुरडयांवर सावली पडता कामा नये!"